पंचवीस सेकंदांचे काका

इंदिरापुरममधल्या आमच्या सोसायटीत टेनिसकोर्ट एकच, आणि सकाळी सहाचा तास काकांचा. मूळचे सांगलीचे. उमेदीची वर्षं साहिबाबादच्या कारखान्यात गेली आणि निवृत्तीनंतर टेनिस लागलं. लागलं म्हणजे तिन्हीसांजेला चिंचेखालून जाताना लागतं, तसं.

"बॅकहँड हातात नसतो रे, डोक्यात असतो," ते मला सांगतात. हातात नाही, एवढं मीही पाहिलं आहे.

दोन पॉइंटांच्या मध्ये नियमाने पंचवीस सेकंद मिळतात. बाकीचे त्यात घाम पुसतात. काका त्या पंचवीस सेकंदांसाठीच खेळतात. जिम लेहर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नामवंत खेळाडू न्याहाळून एक क्रम बसवला: पॉइंट गेला तरी खांदे पाडायचे नाहीत, नजर रॅकेटच्या तारांवर ठेवायची, श्वास खोल घ्यायचा, पुढचा फटका ठरवायचा, मग चेंडू आपटून सर्व्हिस. लेहरचं हे सोळा-वीस सेकंदांत उरकतं. काका तारा बघतात त्या तांदूळ निवडल्यासारख्या. मग श्वास. डिसेंबरात गाझियाबादेत खोल श्वास घेणं म्हणजे तसं धाडसच. तिसऱ्याला ठसका लागतो आणि विधी पुन्हा पहिल्यापासून. पलीकडून एखादं पोरगं कळवळून ओरडतं, "अंकल जी, बॉल तो डालो!"

खुर्चीपाशी दोन बाटल्या, नदालसारख्या एका रेषेत. एकीत पाणी, दुसरीत ताक.

शिकागोच्या डॉ. एडमंड जेकबसनने 1929 साली पुस्तकात मांडलेली स्नायू सैल सोडायची रीतही त्यांनी उचलली आहे. एकेक स्नायू आधी आवळायचा, मग सोडायचा, म्हणजे ताण कुठे लपलाय ते कळतं. काका हे मेट्रोत करतात. एकदा राजीव चौकातून वैशालीला परतताना पायाच्या बोटांपासून सुरुवात करून ते चेहऱ्यापर्यंत पोचले. डोळे मिटलेले, दात आवळलेले. समोरची बाई घाबरून उठली आणि त्यांना जागा दिली. तेव्हापासून हा व्यायाम ते उभ्यानेच सुरू करतात.

पण त्यांची खरी पोथी म्हणजे टिमथी गॉलवेचं 'द इनर गेम ऑफ टेनिस', 1974 सालचं. गॉलवे म्हणतो, आपल्यात दोघं राहतात: एक हुकूम सोडणारा, एक निमूट काम करणारा. पहिला गप्प बसला की दुसऱ्याला खेळता येतं. (हे वाचून मला आमचं ऑफिस आठवलं, पण ते असो.) पहिल्याला कामाला लावायचा उपाय सोपा आहे. चेंडू जमिनीवर पडला की एक शब्द म्हणायचा, रॅकेटला लागला की दुसरा. काकांनी त्याचं मराठी केलं: "टप्पा... टोला!" कोर्टावर प्रत्यक्षात ऐकू येतं ते "टप्पा... टप्पा."

गेल्या रविवारी मात्र आक्रीत घडलं. जाळीवर एक माकड येऊन बसलं. काकांचा एक डोळा ताकाच्या बाटलीवर, दुसरा माकडावर. हुकूम सोडायला डोक्यात कुणी शिल्लकच नव्हतं. बॅकहँड असे सुटू लागले की बघत राहावं. तारा बघणं नाही, श्वास नाही. मी 1-4 ने मागे.

पोथी मी महिन्यापूर्वी त्यांच्याकडूनच वाचायला आणली होती. प्रतिस्पर्ध्याचा खेळ रंगात आला असेल तर काय विचारावं, अशी एक खोडी गॉलवेने त्यात सांगून ठेवली आहे. बाजू बदलताना मी ताकाची बाटली त्यांच्या हातात दिली आणि भाबडेपणाने विचारलं, "काका, आज बॅकहँडला नेमकं काय वेगळं करताय तुम्ही?"

काकांचा चेहरा उजळला. नव्वद सेकंद कोपर, कंबर, मनगट, श्वास, सगळं त्यांनी करून दाखवलं. माकड कंटाळून निघून गेलं.

मी सर्व्हिस केली, त्यांच्या बॅकहँडला.

"टप्पा," काका म्हणाले. कोपर तपासलं. "टप्पा."