यंत्र सुस्थितीत आहे

बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी कर्ज खात्यात. तारण ठेवलेली यंत्रं जागेवर जाऊन बघायची आणि अहवालाच्या शेवटी ‘यंत्र सुस्थितीत आहे’ असं लिहून सही ठोकायची, हे माझं काम. बघायची पद्धत ठरलेली होती. यंत्राभोवती एक प्रदक्षिणा, मागच्या टायरला एक लाथ, मग मालकाच्या ओसरीवर पोहे. पोह्यांवर ओलं खोबरं असलं की ‘उत्तम स्थितीत’.

त्यामुळे मेहुण्याने जुना लोडर घ्यायचं ठरवलं तेव्हा तज्ज्ञ म्हणून मला नेलं, यात नवल नव्हतं. “दाजी, तुम्ही नुसती नजर टाका,” तो म्हणाला. मी तेवढीच टाकली.

स्किड स्टिअर लोडर हे या यंत्राचं पाळण्यातलं नाव. आमच्याकडे त्याला ‘छोटा जेसीबी’ म्हणतात, जरा शिकलेले लोक कंपनी कुठलीही असली तरी ‘बॉबकॅट’ म्हणतात. त्याची चाकं वळत नाहीत. एका बाजूची पळवायची, दुसऱ्या बाजूची थांबवायची किंवा उलटी फिरवायची, की सगळं धूड हट्टी पोरासारखं पाय घासत जागच्या जागी फिरतं. हे असलं सुचलं कुणाला, तर १९५७ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉथसे गावच्या केलर बंधूंना. एडी वेलो नावाच्या टर्कीवाल्याला कोंबडवाड्याच्या वरच्या मजल्यावरची घाण काढायची होती. यंत्र खांबांमधून वळायला हवं आणि माळा खाली यायला नको, अशी त्याची अट. म्हणजे हा प्राणी मुळात विष्ठा उपसायलाच जन्मलेला. मेहुण्याच्या गोठ्यात ४० म्हशी आहेत. पत्रिका जुळत होती.

यंत्र पिवळंधम्मक होतं, नुकतं रंगवलेलं. मी प्रदक्षिणा घातली, टायरला लाथ मारली. पोह्यांवर ओलं खोबरं होतं.

आठव्या दिवशी डावा हात कुरकुरायला लागला. लोडरला पुढे दोन लांब हात असतात, त्यांच्या टोकाला बकेट. हे कुरकुरणं वाढत वाढत पाटावर कुणीतरी खोबरं किसतंय असं ऐकू येऊ लागलं, तेव्हा आम्ही यंत्र ट्रकवर चढवून कोल्हापूरला, उद्यमनगरात नेलं. तिथल्या गल्ल्यांत लोखंडाचं काहीही बरं होतं, असं आमच्याकडे लहानपणापासून सांगतात.

मिस्त्री साठीचे. त्यांनी लाथ मारली नाही, प्रदक्षिणा घातली नाही. नुसते हाताच्या मुळाशी उकिडवे बसले आणि विचारलं, “रंग कुणी दिला?”

“आधीच्या मालकानं.”

“वर दिलाय. खाली पुट्टी हाय.”

यंत्राला पुट्टी लावतात हे मला तोवर माहीत नव्हतं. भिंतीला लावतात, ते का लावतात तेही माहीत होतं. दोन्ही माहित्यांची गाठ मनात पडायला ३१ वर्षं लागली.

पहिलं काम म्हणजे हात वर करून त्याला लोखंडी टेकू देणं. मेहुणा म्हणाला, “कशाला? हायड्रॉलिक हाय, पडत न्हाई.” मिस्त्री म्हणाले, “मग या, खाली जरा डोस्कं घाला.” टेकू लागला. मग बॅटरीच्या वायरी सोडल्या, जुनं तेल-ग्रीस पुसून काढलं, वाळूची बादली आणून ठेवली. मिस्त्री पोराला बजावत होते, की वेल्डिंगची अर्थिंग जोडाच्या शेजारीच लाव. लांब लावलीस तर करंट बेअरिंगमधनं वाट काढंल आणि एक बरं करताना दुसरं जाळशील.

मग रंग खरवडला आणि तीन डबे आले. पहिल्याने जागा स्वच्छ धुवायची. दुसऱ्यातलं लालभडक औषध फवारून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचं आणि वरवरचं पुसून टाकायचं. तिसऱ्यातून पांढरी भुकटी मारायची. चिरेत मुरलेलं लाल त्या पांढऱ्यावर हळूहळू उमटतं. “भस्मावर कुंकवाची रेघ आल्यागत दिसली की समजायचं,” मिस्त्री म्हणाले. आम्ही तिघं सत्यनारायणाला बसल्यासारखे त्या लोखंडापुढे बसलो. एक रेघ उमटली. मग दुसरी. मेहुणा मोजत होता. पाचानंतर त्याने मोजणं सोडलं आणि माझ्याकडे बघायला लागला. एकूण सात निघाल्या. मी सुस्थितीत पाहिलेलं यंत्र लहान मुलाने रेघोट्या मारलेल्या पाटीसारखं दिसत होतं.

“असं झालं कशानं?” मी आवाजात जमेल तेवढा बँकेचा अधिकार आणून विचारलं.

कारणं निघाली ती सगळी ओळखीची. या यंत्राची जी वजन उचलायची क्षमता सांगतात, ती मुळात ज्या वजनाला ते पुढे कोलमडेल त्याच्या निम्मी धरलेली असते. आपल्याकडे निम्मं कोण ऐकतो? कोलमडत नाही ना, मग उचल. शिवाय बकेटच्या एकाच कोपऱ्याने झाडाचे बुंधे उपटलेले, म्हणजे सगळा पीळ एका हातावर. वर ग्रीस न मारल्याने पिना आणि बुश झिजून हात ढिले. बुश न बदलता नुसता तडा भरला तर तो वर्षात पुन्हा येणार. आधीच्या मालकाने एका तड्यावर चौकोनी पट्टी ठोकलीच होती. नवा तडा बरोबर त्या पट्टीच्या कडेने गेला होता, जणू आखून दिलेल्या रस्त्याने.

मग मिस्त्रींनी ड्रिल घेतलं आणि तडा जिथे संपत होता तिथे आरपार भोक पाडलं. मेहुण्याच्या तोंडून “अरारा!” निघालं. पैसे देऊन आणलेल्या वैद्याने पेशंटला भोसकल्यावर दुसरं काय निघणार. मिस्त्रींनी खिशातून शॅम्पूची पुडी काढली. (त्यांच्या खिशात शॅम्पूची पुडी का होती, हे विचारायचं राहिलं.) “हिला कडंला खाच असती. तितनंच फाटती, का न्हाई? खाच गोल असती तर दातानं वढाय लागली असती.” तड्याचं टोक सुईसारखं असतं, सगळा ताण तिथे एकवटतो आणि तो पुढे सरकतो, टोकाला गोल भोक पडलं की ताण गोलावर पसरतो. इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत यावर पानंच्या पानं असतात. मिस्त्रींनी ते एक रुपयाच्या पुडीत बसवलं होतं.

नंतर तडा ग्राइंडरने इंग्रजी व्हीसारखा खोल कोरून काढला, आजूबाजूचं लोखंड गॅसने तापवलं आणि रॉड बाहेर आले. हे ‘सत्तर-अठरा’ रॉड. सत्तर म्हणजे चौरस इंचाला ७०,००० पौंडांची ओढ सोसणारे. त्यांचे नखरे जावयासारखे. ते गरम पेटीत ठेवावे लागतात, कारण सादळतात. सादळलेला पापड नुसता चिवट होतो. सादळलेल्या रॉडमधल्या ओलाव्याचा हायड्रोजन तापल्या लोखंडात शिरतो आणि सगळं थंड झाल्यावर, कधी एक-दोन दिवसांनी, आतून चीर पाडतो. भाद्रपदातल्या कोल्हापुरात पेटीतल्या रॉडांइतकं कोरडं आणि ऊबदार आयुष्य त्या गल्लीत कुणालाच नव्हतं.

तडे भरून झाल्यावर वरून जाड पट्ट्या आल्या. चौकोनी नव्हेत, लांबट शंकरपाळ्या. निमुळत्या टोकामुळे ताकद हळूहळू वाढते आणि हाताच्या आडवा टाका पडत नाही. नवे बुश, नव्या पिना, दोन दिवस थांबून पुन्हा तीन डब्यांची पूजा. एकही रेघ नाही.

“आता मस्त पिवळा मारून द्या,” मेहुणा म्हणाला.

“टाक्यांवर पातळ प्रायमर तेवढा मारतो. चीर परत आली तर दिसाय पायजे.” मग माझ्याकडे वळून, “साहेब, रोज सकाळी तुमीच बघत जावा. यंत्रं बघायची सवय हाय न्हवं तुमाला?”

हे टोचून म्हणाले की साधं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण बायकोच्या माहेरी मुक्काम असेपर्यंत मी रोज पहाटे टॉर्च घेऊन गोठ्यात जायला लागलो. म्हशींना आधी संशय आला, मग सवय झाली.

खंडेनवमीला लोडरची पूजा झाली. झेंडूची माळ, बकेटमध्ये नारळ, हातांवर हळदकुंकू. दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याच्या पहाटे, मी टॉर्च मारला आणि पाय गळाले. डाव्या हाताच्या मुळाशी, शंकरपाळीच्या टोकापासून खाली, बारीक, नागमोडी, लाल रेघ. मिस्त्रींना फोन लावला तेव्हा सहाही वाजले नव्हते.

ते सणाचे कपडे घालून मोटरसायकलवर आले. उकिडवे बसले. रेघेवरून अंगठा फिरवला, अंगठा माझ्या टॉर्चच्या उजेडात धरला.

“साहेब, दव पडलंय. कुंकू वघळलंय.”

मेहुणा खांबाला धरून हसत होता. मिस्त्री उठले आणि अंगठ्यावर उरलेलं कुंकू पुसायला काही सापडेना म्हणून त्यांनी ते माझ्या कपाळाला लावलं.