पैनगंगेकाठचा केसपेपर

महाराष्ट्रातून निघून महाराष्ट्रातच पोहोचणाऱ्या नंदिग्राम एक्सप्रेसला वाटेत तेलंगणाचे आदिलाबाद लागते, आणि किनवटला या गाडीत चढणाऱ्या काही मंडळींच्या मांडीवर जो एक्स-रेचा भला मोठा लिफाफा असतो, तो पाहता हा प्रवास सहलीचा नव्हे, हे कोणाही अभ्यासकाच्या ध्यानात यावे. या मंडळींचे गंतव्यस्थान म्हणजे ‘रिम्स’, अर्थात 2008 मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे सरकारी रुग्णालय. किनवटकराला नांदेड हे स्वतःचे जिल्ह्याचे ठिकाण आदिलाबादच्या दुपटीहून लांब पडते, आणि पोटात कळ उठली असता माणूस राज्यनिष्ठा बाजूला ठेवून किलोमीटर मोजतो.

किनवटकराला आदिलाबादेत परका ठरवणे हाच मुळी इतिहासाने केलेला विनोद होय. हैदराबाद राज्यात किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि किनवटचे आजोबा ओसरीवरून न उठता दुसऱ्या राज्यात गेले. कागद सासरी गेले, दुखणे मात्र अजून माहेरी येते.

रुग्णालयाच्या आवारातील वाहने वाचली असता हा सगळा भूगोल पुन्हा उजळतो. एमएच 26 म्हणजे नांदेड, एमएच 29 म्हणजे यवतमाळ आणि एमएच 34 म्हणजे चंद्रपूर; यजमानांकडे जुनी मोटार एपी 01, मधली टीएस 01 आणि 2024 नंतर घेतलेली टीजी 01, म्हणजे पाहुण्यांची अक्षरे स्थिर आणि घरच्यांचीच बदलती, असा उलटा प्रकार येथे आढळतो. नोंदणीच्या खिडकीवर प्रश्न तेलुगूत येतो, उत्तर मराठीत जाते आणि तडजोड हिंदीत होते. रुग्ण एक असला तरी सोबत मामा असतातच, कारण आधार, रेशनकार्ड आणि जुन्या केसपेपरांची चळत असलेली प्लास्टिकची पिशवी त्यांच्याच ताब्यात असते. ‘ओपी चिट्ठी’, म्हणजे आपल्याकडचा केसपेपर, हाती पडेपर्यंत मामांचा रुबाब अबाधित राहतो.

डॉक्टरांनी ‘ऑपरेशन’ हा शब्द उच्चारताच राज्यघटनेतील संघराज्याचे तत्त्व प्रत्यक्ष उभे राहते. आरोग्यश्री ही गरीब कुटुंबांना मोठ्या आजारांवर विनारोकड उपचार देणारी योजना संयुक्त आंध्रात 2007 मध्ये सुरू झाली, तेलंगणाने डिसेंबर 2023 मध्ये तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला 10 लाख रुपयांवर नेली, आणि तिला तेलंगणाचा रहिवासी लागतो. मामा मोठ्या विश्वासाने महाराष्ट्राचे पिवळे रेशनकार्ड पुढे करतात. त्यांच्या गोंधळाला आधारही आहे: रुग्णालयावर राजीव गांधींचे नाव, आरोग्यश्रीच्या आरंभी राजीव, आणि आजची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी याच नावाने अवतरलेली, इतके नामसाधर्म्य असताना कार्ड चालू नये, हे मामांना दगलबाजीचे वाटते.

याच्या नेमकी उलट अवस्था जिवतीच्या डोंगरातील परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर आदी गावांची आहे. पूर्वी आदिलाबादेत आणि 2016 पासून कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात धरलेल्या या गावांवर चंद्रपूरही हक्क सांगते, त्यामुळे अनेकांकडे दोन्ही राज्यांची रेशनकार्डे आणि दोन्हींची मतदार ओळखपत्रे आहेत. खिडकी पाहून खिशातून कार्ड काढण्याची कला तेथे अवगत झाली असल्यास नवल नाही. किनवटकराने या गावांचा हेवा करावा, हे स्वाभाविकच.

बाहेरून येणाऱ्यांच्या उपचाराचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न ब्रिटनने व्यापाऱ्याच्या सरळपणाने सोडवला आहे. तेथे कामाला जाणाऱ्या बहुतेक परदेशी प्रौढांकडून व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार, म्हणजे सरकारी दवाखान्याची आगाऊ वर्गणी, वसूल होते आणि फेब्रुवारी 2024 पासून ती वर्षाला 1035 पौंड आहे. आदिलाबादची खिडकी असली वर्गणी मागत नाही, हे तिच्या पदरी पुण्य म्हणून टाकले पाहिजे.

उपाय अगदीच नाही असे नव्हे. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत ‘पोर्टेबिलिटी’ आहे, म्हणजे एका राज्यात काढलेले कार्ड दुसऱ्या राज्यातील सहभागी रुग्णालयात चालते, आणि तेलंगणा 2021 मध्ये या योजनेत आले आहे. तेव्हा सीमेवरच्या वाचकांनी हे कार्ड दुखणे येण्याआधीच काढून घ्यावे, गाडीत बसण्यापूर्वी त्या रुग्णालयात ते चालते की नाही याची फोनवर खात्री करावी, आणि मामांना पिशवीत ते सर्वांत वर ठेवायला सांगावे.