प्रासादातील मुक्काम

व्हेनिसमध्ये उतरावयाचे कोठे, हा प्रश्न ज्या धनिकास पडतो त्याला पलंगाचा मऊपणा किंवा न्याहारीचा दर्जा यांपेक्षा आपल्या खोलीत पूर्वी कोण आजारी पडले होते, याचीच चौकशी अधिक अगत्याने करावी लागते. दांदोलो घराण्याच्या चौदाव्या शतकातील प्रासादात दाल निएल नामक गृहस्थाने 1822 साली थाटलेल्या ‘दानिएली’ हॉटेलात फ्रेंच कवी म्यूसे तापाने फणफणला असताना, त्याची सोबतीण, कादंबरीकर्ती जॉर्ज सांद, उपचारास आलेल्या डॉक्टर पाजेल्लोवरच अनुरक्त झाली, आणि जे प्रकरण एखाद्या अब्रूदार कुटुंबाने परसदारीच दडपून टाकले असते, त्याची कीर्ती येथे दीर्घकाळ त्या वास्तूचे भूषण होऊन बसली आहे. सान क्लेमेंते बेटाची सनद याहूनही थोर: आधी मठ, मग स्त्रियांसाठी काढलेले वेड्यांचे इस्पितळ, आणि ते 1992 साली बंद पडल्यावर पंचतारांकित हॉटेल. जो एकांत पूर्वी सक्तीने लादला जात असे, तोच आता रात्रीच्या हिशेबाने विकत मिळतो. (दारे, सुदैवाने, आतूनही उघडतात.)

नगरपालिकेचा न्यायही बारकाईने पाहण्याजोगा आहे. सकाळी येऊन सायंकाळी परतणाऱ्या पांथस्थाकडून 2024 साली ठराविक दिवशी 5 युरो प्रवेशशुल्क घेतले गेले. मुक्काम करणारास ते माफ, मुक्कामकर मात्र वसूल. समुद्र एवढाही भेदभाव करीत नाही: नोव्हेंबर 2019 मध्ये भरतीचे पाणी 187 सेंटिमीटरपर्यंत चढले, तेव्हा ते कालव्याच्या सान्निध्यासाठी जादा दाम मोजणाऱ्यांच्या दिवाणखान्यांतही, कोणतीही आगाऊ नोंदणी न करता, खुशाल शिरले.