जरा सरकून घ्या

सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीची यादी मी सी भाषेत प्रोग्रॅम लिहून छापतो, हे मी चारचौघांत अगदी सहज, चहाचा कप उचलता उचलता सांगतो. समोरच्याने ‘म्हणजे एक्सेलमध्ये नाही?’ असं विचारावं एवढी उसंतही त्याला देतो. मग मंद हसतो. हे हसू मी कमावलेलं आहे. एक्सेलमध्ये काय, आठवीतला पोरगाही यादी करतो, आणि आमच्या खजिनदारांच्या मते माझ्या निम्म्या वेळात करतो. पण सीमधला छापायचा हुकूम, प्रिंटएफ, हाताशी असताना माणसाने उंदीर धरून रकाने ओढत बसावं, हे माझ्या इभ्रतीला झेपत नाही.

कानेटकरांचं ‘लेट अस सी’ आणि टर्बो सीचा तो निळा पडदा ज्यांच्या वाट्याला आला, त्यांना टक्का-एस काय ते सांगायला नको. अवतरणचिन्हांत टक्का आणि एस लिहायचं, पुढे स्वल्पविराम देऊन स्ट्रिंगचं नाव. शेवटचा शून्य बाइट भेटेपर्यंत प्रिंटएफ छापत सुटतो. इथवर सगळे पास. टक्का आणि एसच्या मध्ये वीस लिहिला, की तोंडी परीक्षेत निम्मा वर्ग झोपतो. ‘सर, वीस अक्षरं छापणार.’ नाही रे बाबा. निदान वीस छापणार. नाव लहान असेल तर डावीकडे मोकळ्या जागा भरून वीस करणार, वजा लावलास तर त्या जागा उजवीकडे जाणार. आणि नाव मोठं असेल तर? तर वीस गेले खड्ड्यात, अख्खं नाव छापणार.

हे ज्याला कळत नाही, त्याने लोकलमध्ये चौथी सीट मागितलेली नाही. बाक तिघांचा. पण संध्याकाळी डब्यात शिरलेला कोणीही तिघे बसलेला बाक ‘भरलेला’ मानत नाही. तो कोपऱ्याशी उभा राहतो आणि कोणाच्याही डोळ्यांत न बघता म्हणतो, ‘जरा सरकून घ्या.’ बघितलं तर ती विनंती होते. न बघता म्हटलं की तो हक्क असतो. मग खिडकीवाला मोबाइलमधून मान वर न काढता एक सूत सरकतो. मधला सरकल्यासारखं करतो. तिसरा सुस्कारा सोडतो, आणि जी जागा नव्हतीच तिथे चौथा अर्ध्या बुडाने स्थानापन्न होतो. उरलेलं अर्धं शरीर तो पॅसेजमध्ये रोवलेल्या उजव्या पायावर तोलतो. त्या पायाला अडखळणारा प्रत्येक माणूस त्याच्याकडे रागाने बघतो आणि तो प्रत्येकाला त्या बाकाकडे बोट दाखवतो. मी स्वतः घाटकोपर ते डोंबिवली असा तरंगत गेलो आहे, शिवाय तिसऱ्याचं डोकं खांद्यावर घेऊन. दिव्याला कोणी उतरला की सगळा बाक असा काही पसरतो, की मघाशी चौघे बसले होते यावर त्यांचाच विश्वास बसू नये. खिडकीवाला मात्र का सरकला, कोणासाठी सरकला, हे त्याला आजतागायत माहीत नाही. त्या सरकण्यावर कोणीतरी पीएचडी करायला हवी. मी केली असती, पण उभ्याने लिहिता येत नाही.

तर, वीस. रकाना वीसचा आहे म्हणून सी कोणाला उतरवत नाही. पुढची रक्कम सरकून घेते. यादी वाकडी होते, माणूस तुटत नाही. मला हे फार सभ्य वाटतं.

घोळ झाला तो मराठीत. ‘टॉम’ रोमन लिपीत लिहा: तीन बाइट, सतरा मोकळ्या जागा, रकाना एकदम ताठ. आता ‘क्षितिज’ लिहा. डोळ्यांना अक्षरं तीनच दिसतात. पण आत क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज असे सात तुकडे आहेत. युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे एकवीस. प्रिंटएफ बाइट मोजतो. त्याच्या लेखी हा पोरगा वीसच्या रकान्यात मावतच नाही! एकही मोकळी जागा न सोडता तो त्याच्या नावाला वर्गणी चिकटवून देतो.

यात डेनिस रिचींना दोष देणं बरं नव्हे. सत्तरीच्या दशकात बेल लॅब्जमध्ये बसून त्यांनी सी घडवली, तेव्हा एक अक्षर म्हणजे एक बाइट हा व्यवहार चोख होता. युटीएफ-८ची मांडणी केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात, जेवताना, ताटाखालच्या कागदावर केली. तीही झकास आहे. फक्त क्रमांक २०४७ पर्यंतच्या अक्षरांना दोन बाइट पुरतात, आणि देवनागरीचा पट्टा सुरू होतो २३०४ पासून. ग्रीक बसले, रशियन बसले, अरबी बसले. आपलं जेमतेम अडीचशे आकड्यांनी हुकलं. एवढ्याशाने हुकलं की जास्त झोंबतं.

‘वाकडंतिकडं कशाला? नावं कापा की,’ खजिनदार म्हणाले. कापायची सोय आहे: वीसनंतर टिंब देऊन पुन्हा वीस लिहायचे. टिंबापुढचा आकडा मात्र कमाल असतो, तो कोणाची गय करत नाही. मी पडद्यावर करून दाखवलं. पहिली ओळ तळमजल्यावरच्या शकुंतलाआजींची (खरं नाव वेगळं आहे, बाइट तितकेच आहेत). नुसत्या ‘शकुंतला’च्याच एकवीसपैकी वीस बाइट. ‘शकुंतल’ उरलं आणि शेवटच्या कान्याच्या जागी चौकटीतलं प्रश्नचिन्ह. नवऱ्याचं नाव, आडनाव, साफ. एवढं करून रकाने सरळ नव्हतेच, कारण वीस बाइटांत कोणाची तीन अक्षरं मावतात, कोणाची सहा.

मला हसू आलं नाही. आजी वर्गणी सगळ्यांच्या आधी देतात, आणि यादी लागली की जिन्यापाशी चष्मा लावून, बोट फिरवत स्वतःचं नाव शोधतात. सापडलं की एकदा मोठ्याने वाचतात, पूर्ण. त्यांच्या पासबुकावर ते अर्धं आहे, कुठल्याशा कार्डावर त्याहून अर्धं. ‘अरे, मशीनला एवढं मोठं नाव जमत नाही,’ असं त्याच मला समजावतात, जणू चूक बारशालाच झाली होती. मशीनला जमतं. कोणीतरी टिंब दिलेलं असतं.

मी टिंब काढलं. आकड्याच्या जागी तारा टाकला. तारा म्हणजे रुंदी मी ऐन वेळी सांगणार. मग दर नावाचे बाइट आणि पडद्यावरची रुंदी यांतला फरक काढून तो विसात मिळवायचा. त्यापायी दोन रविवार गेले. कुटुंबाने त्याला दुसरं नाव दिलं आहे, ते इथे मावणार नाही.

खजिनदारांना आता यादीखाली ‘१००% वसुली’ असं हवंय. मी म्हटलं, सीमध्ये एक टक्का छापायला दोन टक्के लिहावे लागतात.

त्यांनी वही मिटली. ‘आणि वरचा एक टक्का कोणाकडे जातो?’