जायफळी कॉफी आणि चौकशीचा अभाव

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत कॉफीला मान आहे, पण तो कॉफी म्हणून मिळालेला नाही. ती उपवासाला चालते आणि पाहुण्यापुढे ठेवली असता त्याला चहाच्या पाहुण्यापेक्षा एक पायरी वर बसवल्याचे समाधान यजमानास लाभते, या दोन पुण्यांवर तिचा डबा फडताळात टिकून असतो. तिची पारंपरिक कृती अशी की, आटत आलेल्या दुधात साखर सढळ हाताने आणि भुकटी जपून घालावी, आणि एवढे करूनही कॉफीचा वास शिल्लक राहिलाच, तर त्यावर जायफळ किसावे. कॉफीतील कॅफीन हे द्रव्य झोप उडवते आणि जायफळ आपल्याकडे झोप यावी म्हणून दिले जाते. दोन्ही एकाच कपात घातल्यावर पिणाऱ्याने नेमके काय करणे अपेक्षित आहे, याचा खुलासा पाकशास्त्राच्या ग्रंथांत आढळत नाही.

या कृतीचा एक परिणाम अर्थशास्त्रीय आहे. ज्या पदार्थाची चव लागतच नाही, त्याच्या गावाची चौकशी कोणी करीत नाही. आंब्याच्या पेटीपुढे उभा असलेला मराठी गृहस्थ देवगड की रत्नागिरी, अढीत पिकवलेला की पावडर मारलेला, वरच्या थराला एक आणि खालच्या थराला दुसराच नाही ना, अशी उलटतपासणी घेतो, आणि कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून खपवला जात असल्याचा नुसता संशय आला तरी तरातरा चालू लागतो. तोच गृहस्थ किराणा दुकानात कॉफीचे पाकीट उचलून फक्त किंमत वाचतो. येथे तर माल कर्नाटकचाच असण्याची शक्यता सर्वाधिक, कारण देशातील सुमारे 70 टक्के कॉफी त्याच राज्यात, मुख्यतः कोडगू, चिकमगळूर आणि हासन या जिल्ह्यांत पिकते. (अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्यालाही थोडी कॉफी होते, ही माहिती विदर्भाबाहेर दिली असता ऐकणारा सौजन्याने विषय बदलतो.)

कॉफीचा मळा म्हटला की कौलारू बंगला, दारात जीप आणि व्हरांड्यात पाइप ओढणारा मालक असे चित्र हिंदी चित्रपटांच्या कृपेने मनात उभे राहते. प्रत्यक्षात देशातील शंभरांपैकी अठ्ठ्याण्णवांहून अधिक कॉफी-उत्पादक 10 हेक्टरांपेक्षा कमी जमिनीचे धनी आहेत, आणि त्यांतील अनेकांकडे जेमतेम दोन-तीन एकर असतात. भारतीय कॉफीचे वैशिष्ट्य असे की ती प्रामुख्याने सावलीत वाढते. कॉफीच्या झुडपांवर फणस, पांगारा, उंबराच्या जातीचे वृक्ष यांचे छत असते आणि त्या वृक्षांच्या खोडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. ही सावली शोभेसाठी नसते. पडलेला पाला जमिनीचे खत होतो, पश्चिम घाटातील धोधो पाऊस थेट मातीवर न आपटता पानांवर फुटतो, आणि अरेबिका या नाजूक जातीचा सर्वांत मोठा वैरी असलेला, खोडात भोके पाडून झाड आतून पोखरणारा पांढरा खोडकिडा उन्हात तापलेल्या खोडावर अंडी घालणे पसंत करीत असल्याने सावलीत त्याची कुचंबणा होते. शिवाय कॉफीचा भाव पडला तर मिरी घर चालवते. ज्या शेतीत जमीन, झाडे आणि कुटुंब यांपैकी कोणालाही दुसऱ्याच्या जिवावर जगावे लागत नाही, तिला विद्वान शाश्वत शेती म्हणतात; शेतकरी तिला बहुधा काहीच म्हणत नाही.

अडचण अशी की सावलीला बाजारात भाव नाही. अरेबिकाचा भाव न्यूयॉर्कच्या आणि रोबस्टा या काटक जातीचा भाव लंडनच्या वायदेबाजारात ठरतो, आणि ब्राझीलमध्ये थंडीची लाट आली की कोडगूतील शेतकऱ्याच्या घरी मुलीचे लग्न लवकर होते, ती न आल्यास लांबते. गावात येणारा व्यापारी वाळलेल्या फळांच्या 50 किलोच्या पोत्यातून किती बी निघेल याचा अंदाज घेतो, ज्याला धंद्यात ‘आउटटर्न’ म्हणतात, आणि त्यावरून पैसे मोजतो. डोक्यावर फणस होता की आभाळ, हे तो विचारत नाही. मग भाव पडलेल्या वर्षी छत विरळ करून लाकूड विकावे, देशी वृक्षांच्या जागी झपाट्याने वाढणारा सिल्व्हर ओक लावावा, असा विचार कोणाच्या मनात आल्यास त्याला पर्यावरणावर व्याख्यान देणे हा उपाय नव्हे. विशेषतः व्याख्याता स्वतः कोठली कॉफी पितो हे त्यालाच ठाऊक नसताना.

एखाद्या झगमगीत कॅफेत जाऊन 250 रुपयांचा कप घेतल्याने शेतकरी तरतो, हा समजही तपासण्यासारखा आहे. एका कपास 18 ग्रॅम भाजलेली कॉफी लागते असे मानले आणि भाजताना होणारी घट जमेस धरली, तर सुमारे 22 ग्रॅम हिरवी, म्हणजे न भाजलेली, बी लागते. तिचा दर किलोला 500 रुपये धरला तरी ही बी 11 रुपयांची होते. उरलेले पैसे दूध, वीज, पगार, जागेचे भाडे आणि सोफा यांचे असतात. कपावर ग्राहकाचे नाव, चुकीचे का होईना, लिहिले जाते. मळ्याचे नाव लिहिण्याइतकी जागा कपावर उरत नाही.

घरी आणलेल्या पाकिटावर मात्र ते नाव असू शकते. अरकू, वायनाड, कोडगू, चिकमगळूर आणि बाबाबुडनगिरी येथील कॉफींना 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणजे हापूसला असलेला मान त्यांनाही कायद्याने आहे. आंध्रातील अरकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पिकवलेली कॉफी पॅरिसमध्ये स्वतःच्या नावाने विकली जाते. प्रमाणपत्रांच्या शिक्क्यांचाही उपयोग आहे: 1988 मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या न्याय्य व्यापाराच्या शिक्क्याने, बाजार कोसळला तरी शेतकऱ्यास ठरावीक किमान भाव द्यावा, असा दंडक घातला. तरीही शिक्क्याची फी आणि कागदपत्रे दोन एकरवाल्याला एकट्याने झेपत नाहीत, तेव्हा शिक्का नाही म्हणून पाकीट खाली ठेवण्यापेक्षा त्यावर गावाचे, मळ्याचे वा सहकारी संस्थेचे नाव आहे का, हे पाहणे अधिक शहाणपणाचे.

राहता राहिली चिकोरी, म्हणजे गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकणाऱ्या एका झाडाचे भाजून दळलेले मूळ. ती कॉफीला दाटपणा देते आणि स्वस्त पडते. तिच्या शेतकऱ्यालाही कुटुंब असते, त्यामुळे तिच्याविरुद्ध मोहीम उघडण्याचे कारण नाही; मात्र कोडगूच्या सावलीला हातभार लावण्याच्या उदात्त हेतूने घेतलेल्या पाकिटात निम्मे गुजरात निघू नये, एवढी दक्षता घ्यावी. कायद्याप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असावी लागते आणि दोहोंचे प्रमाण पाकिटावर छापणे बंधनकारक आहे. ते छापलेले असतेच. वाचकांनी दुकानात जाताना चष्मा न्यावा.