गाडी बघून येतो

लग्नाच्या हॉलमध्ये पहिली पंगत उठली की ‘जरा गाडी बघून येतो’ म्हणत सटकणारा एक नातेवाईक प्रत्येक घराण्यात असतो. गाडी जागेवरच असते. पुष्कळदा ती त्याची नसतेच. तो रिक्षाने आलेला असतो. तरी बारसं असो, मुंज असो की साठीशांत, दर पाऊण तासाने तो गाडी बघतो. लोक त्याला माणूसघाणा म्हणतात, ते साफ चूक. माणूसघाणा मुळात येतच नाही. हा मुहूर्ताआधी येतो, अक्षता टाकतो, आहेराचं पाकीट देतो, ‘ओळखलंस का मला?’ ही तोंडी परीक्षा चार-पाच मावश्यांसमोर देतो आणि मगच गाडीकडे वळतो. म्हणजे माणसं त्याला हवी असतात, फक्त एका बैठकीत दीडशे नकोत.

कार्ल युंगने १९२१ साली अंतर्मुख आणि बहिर्मुख अशा दोन जाती मांडल्या, तेव्हापासून माणसांनी दमणं हे अंतर्मुखांचंच दुखणं समजलं जातं. पण फिनलंडमधल्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात निराळंच दिसलं. चारचौघांत मोकळं वागताना मन खुलतं, पण साधारण तीन तासांनी शीण येतो. आणि तो बोलघेवड्यांनाही चुकत नाही. आता कोणी म्हणेल, कुठे फिनलंडची पोरं आणि कुठे आपलं वऱ्हाड! बरोबर आहे, पण बँडबाजा नसताना ती दमत असतील, तर आपलं काय होत असेल? गाडीवाला तो शीण हप्त्याहप्त्याने फेडतो. बाकीचे रात्री एकरकमी फेडतात, घरच्यांवर खेकसून.

त्याची चूक एकच. गाडीशी उभा राहून तो मोबाईल उघडतो आणि त्यात कुटुंबाचा ग्रुप असतो, म्हणजे दुसरा हॉल. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी मुकाट्याने मटार सोलणं गुणकारी, घरच्यांनी दर दहा मिनिटांनी ‘काही बिनसलंय का?’ असं विचारलं नाही तर.

कबूल करायला जड जातं, पण कोपऱ्यातल्या बहिऱ्या आजोबांजवळ अर्धा तास बसणारा हाच असतो. दोघांनाही बोलायचं नसतं. आजोबांना तेवढ्यात जेवणही जातं. आणि पाठवणी झाल्यावर, दिवसभर माईक न सोडलेले मामा हॉलच्या पायरीवर एकटेच उभे दिसतात. विचारलं तर म्हणतात, ‘काही नाही रे, गाडी बघतोय.’