वरून थोडे

ज्या वस्तीत एका फाटकावर हृदयरोगतज्ज्ञाची, दुसऱ्यावर मधुमेहतज्ज्ञाची आणि तिसऱ्यावर अस्थिरोगतज्ज्ञाची पाटी झळकत असते, आणि या पाट्या वाचीत घरी परतणाऱ्या माणसाला आपल्या देहात आपल्या मुखत्यारीचा असा एकही अवयव उरलेला नाही अशी खंत वाटू लागते, त्या रामदासपेठेत एखाद्या खवय्याने बिऱ्हाड थाटावे, हा दैवाचा परिहासच म्हटला पाहिजे. पळून जावे म्हटले तर वर्धा रस्ता ओलांडताच धंतोली लागते, आणि तेथे या पाट्यांची दाटी आमच्याहूनही अधिक. परंतु माणसाची जिज्ञासा अशा बंदोबस्ताला भीक घालीत नाही, आणि म्हणूनच या पथ्याच्या साम्राज्यात राहूनही मला खाण्यापिण्याविषयी जे थोडेफार ज्ञान झाले ते येथे निवेदन करण्याचे धार्ष्ट्य करीत आहे. ते ज्ञान असे की, नागपूरच्या पाककलेचे मर्म तिखटात नाही. पदार्थ शिजून, उतरून, ताटात पडून झाल्यावर त्याच्यावर जे ओतले जाते त्यात ते आहे.

विदर्भाबाहेर आमच्या खाण्याची जी कीर्ती आहे ती तिखटाची, आणि पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आल्याखेरीज त्याचे स्वागत पुरे झाले असे न मानणाऱ्या काही यजमानांनी ती नेटाने जोपासली आहे. वस्तुतः येथल्या घरांत रोज शिजणारे वरण-भात, पोळी, चून, अंबाडीची भाजी यांत जिभेला जाळणारे असे विशेष काही नसते. पण पोहे आले की त्यांच्यावर तर्री येते, गोळाभात आला की त्याच्यावर फोडणीचे तेल येते, रोडगा फोडला की त्याच्या उघड्या पोटात तूप येते, आणि पुरणपोळी, जिच्यात पुरण इतके ठासलेले असते की तिला पोळी म्हणणे हा निव्वळ उपचार ठरावा, ती तर तुपाच्या वाटीसह अवतीर्ण होऊनही यजमानीणबाईंची पुन्हा खातरजमा होत नाही आणि त्या तुपाचे भांडे घेऊन पंक्तीतून फिरत राहतात. अन्यत्र पदार्थ चुलीवरून उतरला की त्याचा निकाल लागलेला असतो. आमच्याकडे तो केवळ दाखल झालेला असतो, सुनावणी पुढे ताटात चालते.

तर्रीचा साक्षात्कार मला वैद्यकीय सल्ल्यामुळेच झाला. डॉक्टरांनी पहाटे फिरायला जाण्याचा हुकूम फर्मावला होता, दिशा मात्र ठरवून दिली नव्हती. आणि पंचशील चौकातून बर्डीकडे, तेथून व्हरायटी चौक व शून्य मैलाचा स्तंभ मागे टाकून सरळ चालत राहिले असता माणूस आपोआप कस्तुरचंद पार्कापाशी पोहोचतो, याला भूगोल जबाबदार आहे. तेथे त्या भल्या सकाळी जी गर्दी उसळलेली असते तिच्यात धावण्याचे बूट घातलेले लोक पुष्कळ असतात, धावणारे कोणी नसतात. कागदावर पिवळे, मऊ, वाफाळते पोहे पडतात. मग पोहेवाला रश्श्याच्या पातेल्यात पळी घालतो, आणि त्याचे कौशल्य पाहायचे ते या क्षणी. पळी खोल गेली तर हरभरे येतात, तिची कड पृष्ठभागावरून नुसती सरकवली तर तो तांबडाभडक तवंग येतो, आणि निम्मे हरभरे व निम्मा तवंग हवा असेल तर मनगटाला जो हलकासा हिसका द्यावा लागतो तो शिकवून येण्यासारखा नाही. "तर्री जरा जास्त मारा" एवढे म्हटले की तो मान वर न करता गिऱ्हाइकाची कुवत अजमावतो आणि मागितले असेल त्याहून थोडे अधिकच घालतो.

या तवंगाच्या मागे रसायनशास्त्राचा भक्कम आधार आहे हे मला फार उशिरा कळले. मिरचीचा लाल रंग आणि तिचा दाहक अंश हे दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीतच. आणि तेल पाण्याहून हलके असल्याने मिरचीचे सारे कर्तृत्व आपल्यासह घेऊन ते वर येऊन बसते. म्हणजे पातेल्याच्या तळाशी राहतात ते हरभरे आणि वर तरंगतो तो मसाल्याचा अर्क. तिखट लागले म्हणून घटाघटा पाणी पिणाऱ्या परगावच्या माणसाला पाहून नागपूरकराला हसू येते तेही याचमुळे. पाण्याने तो दाह धुतला जात नाही, तोंडभर पसरतो मात्र. दह्याची वा ताकाची वाटी जवळ करावी. त्यातील दुधाची प्रथिने त्या दाहक अंशाला कवेत घेऊन खाली उतरवतात.

सावजी भोजनालयात हाच तवंग शिखरावर पोहोचलेला दिसतो. हलबा-कोष्टी समाजाचे हे खाणे. खसखस, सुके खोबरे, धने, दगडफूल इत्यादी जिन्नस काळसर होईपर्यंत भाजून वाटायचे आणि पूर्वीच्या काळी जवसाच्या तेलात त्याचा रस्सा करायचा, अशी त्याची रीत. 1877 साली जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, गिरणीच्या कापडापुढे हातमागाचे दिवस फिरले, आणि विणकरांच्या कित्येक घरांनी पुढे मागाची जागा चुलीला दिली, असे जुने लोक सांगतात. इतवारी, महाल, गोळीबार चौक या भागांतील अशा एका भोजनालयात एकदा रात्री मी शिरलो, तो कोपऱ्यातल्या मेजावर, भिंतीकडे तोंड करून, आमच्याच गल्लीतील एक नामांकित डॉक्टर बसलेले. दोनच दिवसांपूर्वी त्यांनी माझ्या कागदावर 'तेल वर्ज्य' असे लिहून खाली दुहेरी रेघ ओढली होती. आता माघार घेणे उभयतांना अशक्य होते. मी समोर जाऊन बसलो. त्यांनी अत्यंत शांतपणे चमच्याने रश्श्यावरचे तेल एका रिकाम्या वाटीत काढले आणि म्हणाले, "हे बघा, वरचं काढून टाकलं की खालचं पथ्यच असतं." मी मान डोलावली. भाकरी आली, दोन घास झाले, आणि तोंडाला चव येईना तेव्हा त्यांनी ती वाटी उचलून, माझ्याकडे न पाहता, सबंध पुन्हा रश्श्यात रिकामी केली. त्या रात्रीपासून आमच्या संबंधांत जो मोकळेपणा आला तो माझ्या प्रकृतीला फार मानवला आहे.

गोळाभाताविषयी मात्र मी विनोद करणार नाही. हरभऱ्याच्या डाळीचे भरड पीठ तिखट, हिंग आणि तेलाचे मोहन घालून घट्ट मळावे, त्याचे गोळे अर्धवट शिजलेल्या भातात पेरावे आणि झाकण घालून वाफ आणावी. येथवर सारे कोरडे आणि किंचित रुक्षच असते. ताटात भात वाढला की गोळा बोटांनी फोडायचा, भातात कुस्करायचा, आणि मग मोहरी, हिंग व सुक्या लाल मिरच्या घातलेले कडकडीत तेल चमच्याने त्याच्यावर सोडायचे. तो चुर्र आवाज होतो, हिंगाचा वास एकदम उठतो, रवाळ पीठ ते तेल क्षणात पिऊन टाकते, आणि ज्या भाताकडे आत्तापर्यंत कोणी वळूनही पाहिले नव्हते त्याला पंक्तीत अव्वल मान मिळतो. शेजारी कढी असावी. ज्यांना हे तेल अधिक वाटते त्यांनी गोळाभात मागू नये. त्यांच्यासाठी दहीभात आहे.

अशा या प्रदेशात केकने प्रवेश केला, आणि तेथून माझ्या कथेला खरी अडचण सुरू होते. भाजणे आम्हांला नवे नव्हते. दिवाळीपूर्वी घरचा मैदा, घरचे तूप आणि घरची पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीवर न्यावी, तेथे ओळीत उभे राहून नानकटाईचे पत्रे भट्टीत जाताना आणि येताना पाहावे, आणि परतताना आपल्या तुपाची नानकटाई दुसऱ्याच्या डब्यात गेली की काय या संशयाने घरभर जाबजबाब घ्यावे, ही रीत महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी पाळली आहे. पुढे झाकणाला काच असलेली अ‍ॅल्युमिनियमची गोल भट्टी आली, मग कुकरची शिटी व रिंग काढून तळाशी वाळू वा मीठ पसरून त्यात केक करण्याची युक्ती आली. पण प्रत्येक वेळी गृहिणीला एक गोष्ट खटकत असे, आणि ती कोणी उघड बोलून दाखवीत नसे. केक हा असा पदार्थ आहे की त्याचे सारे आधी ठरते. 1970 साली कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याची मापे देऊन नव्या सुनांची मोठी सोय केली, हे खरे. परंतु चवीपुरते, अंदाजे, बेताने या शब्दांच्या आधारावर जगत आलेल्या जुन्या पिढीला एकदा भट्टीचे दार लागले की आत काहीही घालता येत नाही, हा दंडक अपमानास्पद वाटला.

आमच्या सूनबाईंनी या शास्त्रात प्रावीण्य मिळवले आहे. त्या तराजूवर साखर तोलतात, अंडी आधी बाहेर काढून ठेवतात, मे महिन्यात पावाचे पीठ दिवाणखान्यात ठेवलेले त्यांना चालत नाही, कारण 45 अंशांच्या त्या दिवसांत यीस्ट असे पिसाळते की पीठ भांड्याबाहेर येऊन चालू लागते. उलट डिसेंबरात तेच पीठ दुलईत गुंडाळून ठेवले तरी हलायचे नाव घेत नाही. मी त्यांच्या प्रयोगशाळेत प्रेक्षक म्हणून उपस्थित असतो आणि भांडे चाटण्याची जबाबदारी नातवाबरोबर निम्मी-निम्मी उचलतो.

गेल्या हिवाळ्यात पुण्याचे आमचे मेहुणे विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या निमित्ताने, फायलींची बॅग घेऊन, आमच्याकडे उतरले. 1956 साली नागपूरचे राजधानीपद गेले. तत्पूर्वी 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात वर्षातून निदान एक अधिवेशन येथे घेण्याचे कलम घातलेले होतेच. म्हणजे राज्यकारभाराचे ताट पुढून उचलून नेताना त्यावर वरून थोडे वाढण्याचा शिष्टाचार पाळण्यात आला, आणि आम्ही तो दर डिसेंबरात मनोभावे ग्रहण करतो. मेहुण्यांसाठी सौभाग्यवतींनी सांबारवडीचा घाट घातला होता, कारण थंडीत सांबार, म्हणजे बाहेरच्यांची कोथिंबीर, स्वस्त आणि कोवळा मिळतो. सूनबाईंनी संत्र्याचा केक भट्टीत ठेवला होता. आणि या समारंभासाठी महालातून आमच्या आत्याबाई आल्या होत्या. आत्याबाईंचे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि झाकण दिसले की ते उघडून पाहणे हा त्यांचा जन्मसिद्ध हक्क आहे.

केकच्या पिठात सोडा आणि आम्ल यांच्या संयोगाने वायूचे बुडबुडे निर्माण होतात, उष्णतेने ते फुगतात, आणि अंड्यातील प्रथिने गोठून व मैद्यातील पिष्ट फुलून त्यांच्याभोवती भिंत उभी राहीपर्यंत हा सारा डोलारा केवळ उष्ण हवेवर तोललेला असतो. नेमक्या त्या घटकेला आत्याबाईंनी भट्टीचे दार सताड उघडले, आत वाकून बराच वेळ निरीक्षण केले आणि म्हणाल्या, "अगं, वरून काहीच नाही?" थंड हवा आत गेली. केक मधोमध बसला, तो बसलाच. सूनबाई एक अक्षर बोलल्या नाहीत, परंतु स्वयंपाकघरात जी शांतता पसरली तिच्यापुढे अधिवेशनातला सभात्यागही फिका पडला असता.

दिवाणखान्यात मेहुणे विचारीत होते, "भाऊजी, केकचा वास सुटलाय, पण केक कुठंय?" आत आत्याबाई आंबिया बहाराची संत्री सोलायला बसल्या होत्या. त्यांनी प्रत्येक फोडीचे साल काढले, बी काढली, पांढरा धागा म्हणून ठेवला नाही; कारण हे राहिले की संत्र्याचा रस थोड्या वेळाने कडवट होतो, हे शास्त्रज्ञ लिमोनिन नावाच्या द्रव्यावरून सिद्ध करतात आणि आत्याबाई ते आपल्या सासूच्या हवाल्याने सांगतात. साखरेचा दाट पाक झाला, चमचाभर तूप त्यात गेलेच, खाली उतरवून त्यात फोडी पडल्या, आणि ते सारे गरमागरम त्या खड्ड्यात ओतण्यात आले. केकने ते गोळाभाताच्या निष्ठेने पिऊन टाकले. मेहुण्यांनी तीन तुकडे खाल्ले आणि हा मधला खळगा पाडायला विशेष साचा लागतो काय, अशी सूनबाईंपाशी पृच्छा केली. सूनबाईंनी आत्याबाईंकडे पाहिले. "लागतो," त्या म्हणाल्या, "पण तो महालातून आणावा लागतो." आता आमच्या घरी हा केक मुद्दाम बसवतात; त्यासाठी भट्टीचे दार कोणत्या मिनिटाला उघडावे हे सूनबाईंनी घड्याळ लावून नोंदवून ठेवले आहे.

आग्रह हे वरून वाढण्याचेच अशरीरी रूप आहे, त्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. जो नागपूरकडे आला आहे त्याने तो भोगला आहे. त्याच्या वेळा, पायऱ्या आणि कलमे ठरलेली आहेत; पहिला नकार संकोच म्हणून, दुसरा सौजन्य म्हणून आणि तिसरा यजमानाच्या कानात दोष असल्यामुळे नामंजूर होतो. "घ्या नं जी, एवढ्यानं काय होते" हे वाक्य उच्चारले जाईपर्यंत पदार्थ ताटात पडलेला असतो, वाक्य केवळ मागाहून मंजुरीसाठी येते. आमचे डॉक्टरही या पंक्तीत बसतात आणि तेलाला हरकत घेतात. पण त्यांच्या हरकतीची नोंद कोणी घेत नाही, ते स्वतःही नाही.

तेव्हा ज्यांना येण्याची इच्छा असेल त्यांनी डिसेंबरात यावे, संत्री तेव्हा गोड असतात. सकाळचे पोहे रिकाम्या पोटी खावे, दह्याची वाटी उजव्या हाताशी ठेवावी, आणि जेवताना पुरे झाले असे खरोखर वाटले तर तोंडाने काही न बोलता ताटावर आडवा हात धरावा. एक हात पुरत नाही, दोन्ही धरावे. आणि तूप वाढणाऱ्या आत्याबाई असतील तर ताट उचलून सरळ उठावे.